विश्लेषण : पहिल्या वाढदिवसाला काऊबॉय टोपी कशासाठी? काय आहे अमेरिकेतील ‘फर्स्ट रोडिओ’ पार्टी?

दारात पेंढ्याचे गठ्ठे, भिंतीवर बाळाचे छायाचित्र असलेली ‘वाँटेड’ची पाटी, पाहुण्यांच्या गळ्यात लाल रुमाल आणि या सगळ्याच्या मधोमध डोक्यावरची टोपी पुन:पुन्हा ओढून काढणारी उत्सवमूर्ती. अमेरिकेत, त्यातही टेक्सास आणि आसपासच्या राज्यांत, पहिल्या वाढदिवसाचा हा थाट आता ओळखीचा झाला आहे. वरवर केवळ सजावटीचा वाटणारा हा प्रकार एका देशाच्या आवडत्या दंतकथेवर उभा आहे. ही दंतकथा कोठून आली, तिच्यातून कोण गळाले आणि एक वर्षाच्या बाळासाठी अशी पार्टी ठेवताना कशाची काळजी घ्यावी लागते, याचा हा आढावा.

‘फर्स्ट रोडिओ’ म्हणजे काय?

येथे ‘वेस्टर्न’चा अर्थ पाश्चात्त्य असा नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कुरणे, गुरांचे कळप आणि ते हाकणारे काऊबॉय यांचे जग म्हणजे ‘वेस्टर्न’. रोडिओ हा त्या जगाचा खेळ. उधळलेल्या घोड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवर आठ सेकंद टिकून राहणे, धावत्या घोड्यावरून फास टाकून वासरू पकडणे, अशा स्पर्धा त्यात असतात. हा शब्द स्पॅनिश असून त्याचा मूळ अर्थ ‘घेरणे’ असा. मोकळ्या रानात विखुरलेली गुरे घेरून एकत्र आणण्याच्या कामाला तो वापरला जाई.

‘हा काही माझा पहिला रोडिओ नाही’ असा एक वाक्प्रचार अमेरिकी इंग्रजीत रूढ आहे. आपण ‘चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणतो, तसाच त्याचा भाव. १९९० मध्ये व्हर्न गॉसडिन या कंट्री गायकाच्या गाण्याचे शीर्षकच हे होते. बाळाने तर एकच पावसाळा पाहिलेला. त्यामुळे वाक्प्रचार उलटवून ‘माझा पहिला रोडिओ’ असे निमंत्रणपत्रिकेवर छापायचे, ही या पार्टीमागची गंमत.

खरा काऊबॉय कोण होता?

काऊबॉय म्हणजे सरळ भाषेत गुराखी. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले तेव्हा टेक्सासमध्ये लांब शिंगांची लाखो गुरे होती, पण त्यांना गिऱ्हाईक नव्हते. तेथे चार डॉलरला मिळणारे जनावर उत्तरेकडील बाजारात चाळीस डॉलरपर्यंत जाई. मधे शेकडो मैलांचे अंतर होते. १८६७ मध्ये जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्याने कॅन्ससमधील ॲबिलीन येथे रेल्वेलगत गुरांचा बाजार उभारला आणि टेक्सासहून तेथवर कळप हाकत नेण्याचा धंदा सुरू झाला. अडीच-तीन हजार जनावरे, सोबत दहा-बारा माणसे, दिवसाला दहा-पंधरा मैलांची मजल. दोन-तीन महिने धूळ, पूर आणि रात्रीच्या राखणीचा जागर. महिन्याचा पगार पंचवीस ते चाळीस डॉलर.

हे कसब अमेरिकनांनी मेक्सिकोतील घोडेस्वार गुराख्यांकडून घेतले. त्यांना स्पॅनिशमध्ये ‘बाकेरो’ म्हणत. काऊबॉयसाठी वापरला जाणारा ‘बकारू’ हा शब्द त्याचाच अपभ्रंश. रँच, लासो, मस्टँग हे शब्दही स्पॅनिशमधूनच आले. इतिहासकारांच्या अंदाजानुसार, त्या काळातील साधारण चार काऊबॉयपैकी एक कृष्णवर्णीय होता. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या अनेकांना गुरांमागचे हे काम मिळाले. आजच्या रोडिओतील बैलाला शिंगांना धरून आडवे पाडण्याचा प्रकार रूढ करणारा बिल पिकेट हा कृष्णवर्णीयच होता.

हा काळ टिकला जेमतेम दोन दशके. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन याला काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि मोकळी कुरणे कुंपणांत विभागली गेली. रेल्वे टेक्सासपर्यंत पोहोचली. १८८६-८७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात उत्तरेकडील कुरणांवर गुरे मोठ्या संख्येने मेली. लांबचे कळप हाकण्याचे दिवस संपले.

मग ही रुबाबदार प्रतिमा आली कोठून?

काम संपत आले आणि तमाशा सुरू झाला. विल्यम कोडी ऊर्फ ‘बफेलो बिल’ याने १८८३ मध्ये ‘वाइल्ड वेस्ट’ नावाचा फिरता खेळ काढला. त्यात घोडदौड, नेमबाजी, लुटुपुटीच्या लढाया असत. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात हा खेळ लंडनला गेला. स्वस्त कादंबऱ्यांनी गुराख्याला नायक केले. १९०३ मधील ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा सुरुवातीचा गाजलेला वेस्टर्न चित्रपट. त्याचे चित्रीकरण मात्र झाले पूर्वेकडील न्यू जर्सीत. पुढे हॉलीवूडने हा नायक जवळजवळ कायमचा गोरा करून टाकला. मेक्सिकन बहुतेकदा खलनायक झाला आणि कृष्णवर्णीय गुराखी पडद्यावरून नाहीसा झाला.

लहान मुलांच्या खोलीत काऊबॉय शिरला तो खेळण्यांच्या रूपात. १९९५ मधील ‘टॉय स्टोरी’तील वूडी हे त्याचे आजच्या पालकांना सर्वाधिक परिचित रूप. वूडी पाहत वाढलेली पिढी आता स्वत: आईबाबा झाली आहे. त्यात २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘यलोस्टोन’ या मालिकेने आणि २०२४ मध्ये आलेल्या बियॉन्सेच्या ‘काऊबॉय कार्टर’ या अल्बमने टोपी-बुटांचा पोशाख पुन्हा चलनात आणला. बियॉन्से स्वत: ह्यूस्टनची. कृष्णवर्णीय काऊबॉयच्या विस्मृत इतिहासाची चर्चाही या अल्बमने घराघरांत नेली.

या पोशाखाचा भारताशी संबंध काय?

पार्टीतील दोन वस्तूंची नावे थेट भारतात पोहोचतात. गळ्यातील लाल रुमालाला इंग्रजीत ‘बँडाना’ म्हणतात. हा शब्द कापड गाठी बांधून रंगवण्याच्या आपल्या ‘बांधणी’च्या कुळातला. त्यावरची नक्षी म्हणजे आपली कोयरी. काश्मिरी शालींवरून ती युरोपात गेली आणि तिची नक्कल विणणाऱ्या स्कॉटलंडमधील गावाच्या नावावरून ‘पेस्ली’ झाली. गुराखी हा रुमाल धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून बांधत.

दुसरी वस्तू डंगरी. बाळाला हमखास घातला जाणारा हा पट्ट्यांचा पोशाख. शब्दकोशांनुसार ‘डंगरी’ हे नाव मुंबईच्या किल्ल्याजवळील डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरून पडले. कष्टकऱ्यांचे ते कापड जहाजांतून जगभर गेले. जीन्सचा इतिहासही कष्टकऱ्यांचाच. शिंपी जेकब डेव्हिस आणि कापड व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांनी १८७३ मध्ये पँटच्या खिशांना तांब्याच्या रिव्हेट ठोकण्याचे पेटंट घेतले, ते शिवण उसवू नये म्हणून. रुंद कडांची टोपीही शोभेची नव्हती. जॉन स्टेटसन याने १८६५ मध्ये फिलाडेल्फियात टोप्यांचा व्यवसाय सुरू केला. त्याची टोपी लोकप्रिय झाली, कारण ती ऊन आणि पाऊस दोन्ही अडवी.

पार्टीत नेमके काय असते?

घराचे मागचे अंगण किंवा उद्यानातील छप्पर भाड्याने घेतले जाते. बसायला पेंढ्याचे गठ्ठे, त्यावर जुनी चादर. टेबलांवर चौकड्यांचे कापड. बाळाच्या महिन्या-महिन्याच्या छायाचित्रांची दोरीवर ओळ. मोठ्या मुलांसाठी लाकडी घोड्यावर फास टाकण्याचा, घोड्याचे नाल खुंटीवर फेकण्याचा खेळ आणि काठीच्या घोड्यांची शर्यत. जेवणात मांसाचे बार्बेक्यू, राजम्यासारख्या दाण्यांची चिली, मक्याचा पाव आणि भाजलेली कणसे. शेवटी ‘स्मॅश केक’. म्हणजे बाळापुढे एक छोटा स्वतंत्र केक ठेवायचा आणि त्याला तो दोन्ही हातांनी कुस्करू द्यायचा. पाहुण्यांसाठी वेगळा केक असतो. अनेक कुटुंबे या क्षणाच्या छायाचित्रांसाठी खास छायाचित्रकार बोलावतात.

खर्च वाढतो तो बहुधा येथेच: छापील सजावट, तयार पोशाख, छायाचित्रण, जनावरांचा फिरता मेळा. यातील बऱ्याच गोष्टींना पर्याय आहेत. रुमाल आणि जीन्स घरोघरी असतात. गठ्ठे भाड्याने मिळतात. वाँटेडची पाटी तपकिरी कागदावर हाताने लिहिली तर उलट अधिक खरी दिसते.

गठ्ठे घेताना मात्र फरक लक्षात ठेवावा लागतो. धान्य काढल्यावर उरलेला पेंढा वेगळा आणि जनावरांसाठी वाळवलेले गवत वेगळे. वाळल्या गवतात बिया आणि पराग अधिक असतात, ते ओलावले तर बुरशी धरते. ॲलर्जी किंवा दमा असलेला पाहुणा असेल तर दोन्ही टाळून लाकडी बाके ठेवणे बरे. गठ्ठे बांधलेली दोरी सुटून बाळाच्या हाती लागणार नाही, हेही पाहावे लागते. शेगडी आणि मेणबत्त्यांपासून गठ्ठे दूर हवेत.

धोके कोणते?

या प्रकारच्या पार्टीतील सर्वात दुर्लक्षित धोका पाण्याचा आहे. शीतपेये थंड ठेवण्यासाठी जनावरांना पाणी पाजायचे पत्र्याचे टब बर्फाने भरून जमिनीवर ठेवण्याची पद्धत आहे. तासाभरात बर्फ वितळतो आणि उथळ टाके तयार होते. उभे राहू लागलेले बाळ काठ धरून वाकते आणि डोके जड असल्याने आत पडू शकते. दोन इंच पाणीही बुडण्यास पुरेसे असते, असा इशारा अमेरिकेतील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग देतो. टब टेबलावर ठेवला तर हा धोका मिटतो.

फुगे हा दुसरा धोका. न फुगवलेला किंवा फुटलेला रबरी फुगा श्वासनलिकेवर चिकटून बसतो. म्हणूनच अमेरिकेत रबरी फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालील मुलांबाबतचा इशारा छापणे बंधनकारक आहे. टोपीची हनुवटीखाली बांधायची दोरी आणि गाठ मारलेला रुमाल मानेला आवळू शकतो. त्याऐवजी बटणाचे रुमालाच्या आकाराचे लाळेरे मिळते. बाळ झोपायला गेले की टोपी, रुमाल दोन्ही काढायचे.

शेळ्या-मेंढ्या, तट्टू आणण्याची हौसही अनेकांना असते. जनावरे निरोगी दिसली तरी त्यांच्या विष्ठेतून ई-कोलायसारखे जिवाणू पसरू शकतात आणि पाच वर्षांखालील मुलांमध्ये हा आजार गंभीर होण्याची शक्यता अधिक असते. एक वर्षाचे बाळ तर हात सतत तोंडात घालते. त्यामुळे जनावरांच्या जागेत खाऊ, बाटली, चोखणी न नेणे आणि बाहेर येताच साबणाने हात धुणे, हा अमेरिकी सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. केवळ जंतुनाशक जेल चोळून भागत नाही.

केक आणि मध याबाबत डॉक्टर काय सांगतात?

पार्टी बहुधा शनिवार-रविवार पाहून ठेवली जाते. त्यामुळे अनेकदा त्या दिवशी बाळाला वर्ष पूर्णही झालेले नसते. एका बाबतीत हे चार दिवसही महत्त्वाचे ठरतात. बारा महिन्यांखालील बाळाला मध देऊ नये, असा वैद्यकीय नियम आहे. मधातील जिवाणूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून ‘बोटुलिझम’ हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. बार्बेक्यूची चटणी आणि मक्याचा पाव यांत मध असण्याची शक्यता मोठी. कौतुकाने भरवलेल्या बोटभर चटणीपूर्वी बाटलीवरचे घटक वाचणे म्हणूनच आवश्यक.

दोन वर्षांपर्यंत वरून घातलेली साखर टाळावी, असे अमेरिकी बालरोगतज्ज्ञ संघटनेचे मत आहे. यातून मार्ग म्हणून काही पालक कुस्करलेल्या केळ्याचा केक आणि वर घट्ट दह्याचा थर देतात. छायाचित्रात फरक कळत नाही. पॉपकॉर्न, शेंगदाणे, अख्खी द्राक्षे, सॉसेजचे गोल काप हे पदार्थ चार वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकतात. पार्टीत नेमके हेच पदार्थ वाटीवाटीने मांडलेले असतात. ते बाळाच्या हाताच्या उंचीवर नकोत. टेबलाखाली सांडलेला दाणा बाळाला मोठ्यांच्या आधी दिसतो.

‘काऊबॉय आणि इंडियन’ हा खेळ का टाळला जातो?

पूर्वी अशा पार्टीत अर्धी मुले काऊबॉय आणि अर्धी पिसांचा मुकुट घालून ‘इंडियन’ होत. हा खेळ बफेलो बिलच्या लुटुपुटीच्या लढायांतून आणि नंतर चित्रपटांतून आला. प्रत्यक्षात काऊबॉयच्या दिवसातील मुख्य शत्रू पूर, वीज आणि बुजलेला कळप हे होते. उलट ज्या कुरणांवर गुरे आली, तेथून मूळ रहिवाशांना हटवण्यात आले होते. ज्यांच्या जगण्याचा आधार रानरेडे होते, त्यांचे रानरेडे शिकाऱ्यांनी जवळपास संपवले. १८९० मध्ये वूंडेड नी येथे लष्कराने लाकोटा जमातीच्या स्त्रिया-मुलांसह शेकडो जणांना ठार केले. पिसांचा मुकुट हा तेथील अनेक जमातींमध्ये पराक्रमाने मिळवायचा मान आहे. तो कागदी करून मुलांच्या डोक्यावर ठेवणे त्यांना दुखावते. त्यामुळे तंबू, पिसे, बाण ही सजावट आता अनेक पालक स्वत:हून वगळतात. खेळण्यातील बंदुका न ठेवणाऱ्यांचीही संख्या कमी नाही. फास, घोडे आणि गुरे एवढ्यावर थीम सहज उभी राहते.

टेक्सासमधील मराठी घरांत याला काय स्थान?

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत मराठी मंडळी मोठ्या संख्येने आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०१९ चे अधिवेशन डॅलसमध्येच झाले होते. ह्यूस्टनमध्ये १९३२ पासून चालत आलेला पशुप्रदर्शन आणि रोडिओचा महोत्सव दर मार्चच्या सुमारास भरतो. त्याच्या आधी ‘गो टेक्सन डे’ला शाळकरी मुले, बँकेतील कर्मचारी टोपी-बूट घालून येतात. तेथे जन्मलेल्या मराठी बाळासाठी हा पोशाख परका नाही, गावचाच आहे.

शिवाय थीम ठरवून बाळाला सजवणे आपल्याला नवे नाही. संक्रांतीनंतरचे बोरन्हाण हा त्याचाच नमुना: काळे झबले, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे. पुढे ते लुटायला जमलेली शेजारची मुले. जन्माष्टमीला तर आपण बाळाला मोरपीस, पावा देऊन गुराखीच करतो. सकाळी तिथीने औक्षण, संध्याकाळी अंगणात टोपी-रुमाल, असा मेळ म्हणूनच अवघड जात नाही. आजी-आजोबांसाठी चिलीत मांस न घालता दाण्यांची केली आणि सोबत कोशिंबीर ठेवली की पंगतही जमते.

मग ही पार्टी नेमकी कोणासाठी?

मोठेपणी माणसाला आठवणारी सर्वात जुनी घटना साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातील असते. म्हणजे पहिल्या वाढदिवसाची स्मृती बाळाजवळ राहणार नाही. राहतील ती छायाचित्रे. शिवाय वर्षाच्या आसपास अनोळखी चेहऱ्यांची भीती भरात असते. चाळीस माणसे, मोठे संगीत, हातोहात फिरवले जाणे आणि डोक्यावर टोचणारी टोपी, यावर रडणे ही बाळाची स्वाभाविक प्रतिक्रिया असते. त्याचा हट्टीपणाशी संबंध नाही. या वयात बहुतेक बाळे दिवसातून दोनदा झोपतात आणि एका वेळी तीन-चार तास जागी राहतात. म्हणून अनुभवी पालक हॉलची वेळ पाहण्याआधी झोपेची वेळ पाहतात. सकाळच्या झोपेनंतर दीड-दोन तासांची पार्टी, केक पहिल्या तासात, मोजके पाहुणे आणि बाळाला घेऊन बसायला एक शांत खोली, एवढे पुरते.

यात मोठ्यांनी आनंद मानू नये असे नाही. अपुऱ्या झोपेचे, तापाच्या रात्रींचे, बहुतेकांच्या बाबतीत माहेर-सासरपासून दूर काढलेले ते पहिले वर्ष असते. ते पार पडल्याचा सोहळा आईवडिलांनी करावा, त्यात गैर काय? टोपी बाळाच्या डोक्यावर असली तरी पहिला रोडिओ त्यांचाच असतो. बाळाने टोपी काढून फेकली तर ती उचलून पुन्हा घालू नये, इतकेच.